चेंबरचा नट कुणी खोलायचा?

माझ्या मामांचं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये गेलं. लूनापासून ट्रकपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. या उन्हाळ्यात ते आमच्याकडे न्यू जर्सीला राहायला आले. मी माझ्या पोर्शे बॉक्स्टरचं ऑइल घराच्या ड्राइव्हवेमध्ये स्वतः बदलतो हे ऐकून त्यांना आनंद होईल, असं मी धरून चाललो होतो. झालं उलटंच. ज्या माणसाचा जन्म पान्यांमध्ये गेला, तोच मला सांगू लागला की हे तुझं काम नव्हे. त्यावरून आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे. त्यातलं त्यांचं म्हणणं मला अजूनही पुरतं खोडता आलेलं नाही.

गाडी २००३ सालची, बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीतली. जाणकार तिला ९८६ या क्रमांकाने ओळखतात. पोर्शे कंपनी स्टुटगार्टची, पण स्वतःच्या कारखान्यात जागा पुरेना म्हणून बॉक्स्टर १९९७पासून फिनलंडमधल्या उसिकाउपुंकी या गावी वाल्मेट कंपनीच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. चासी नंबरातलं अकरावं अक्षर ‘यू’ असेल तर गाडी फिनलंडची, ‘एस’ असेल तर स्टुटगार्टची. माझी फिनलंडची आहे. मामांनी हे कौतुकाने ऐकून घेतलं आणि लगेच कामाचं विचारलं.

मामा : इंजिन दाखव आधी.

मी : वरून दिसत नाही, मामा. पुढचं झाकण उघडलं की सामानाची जागा, मागचं उघडलं की तीही सामानाचीच. इंजिन मध्ये आहे, सीटांच्या पाठीमागे. मागच्या डिकीत तेवढी ऑइल ओतायची तोटी आणि पट्टी आहे. बाकी सगळं खालून.

मामा : म्हंजे गाडी बनवणाऱ्यानंच मालकाला इंजिनापासनं लांब ठेवलंय. आणि तू पाठीवर झोपून तिथं शिरणार. कशाला? पैसे वाचवायला?

मी : थोडे वाचतात. पण बुटका जॅक, चार स्टँड, टॉर्क रेंच आणि फिल्टरच्या टोपणाचा मोठा पाना घेण्यात सुरुवातीची सगळी बचत गेली. पैशासाठी करत असतो तर कधीच सोडून दिलं असतं.

मामा : मग हौस.

मी : हौस आहेच. पण त्याहून मोठं कारण आहे. या इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून कळायची जी थोडी साधनं आहेत, त्यांत फिल्टर हे सर्वांत चांगलं. तो फिल्टर दुसऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यात जाऊ नये, एवढ्यासाठी मी गाडीखाली जातो.

या एका वाक्यावर आमची गाडी बराच वेळ थांबली, कारण मामांना त्या इंजिनाचं दुखणं ठाऊक नव्हतं. मी त्यांना सांगितलं ते असं. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट आहे. क्रँककडून साखळीने फिरणं घ्यायचं आणि पुढे साखळ्यांनीच कॅमशाफ्टना द्यायचं, हे त्याचं काम. त्याचं फ्लायव्हीलकडचं टोक एका बॉल बेअरिंगवर तोललेलं असतं. हे बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद, आत ग्रीस भरलेलं. वर्षं सरतात तशी सीलं ढिली पडतात, गरम ऑइल आत झिरपून ग्रीस धुऊन नेतं आणि आत शिरलेलं ऑइल तिथेच शिळं होत राहतं. बाहेर कितीही ताजं ऑइल भरलं तरी ते त्या गोळ्यांपर्यंत धड पोचत नाही. गोळ्या झिजल्या की शाफ्ट डगमगतो, साखळीचं टायमिंग सुटतं, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन संपतं. सुरुवातीच्या इंजिनांत गोळ्यांच्या दोन रांगा होत्या. २००० सालाच्या सुमारास एकच रांग असलेलं बेअरिंग आलं आणि तक्रारी वाढल्या. अमेरिकेत मालकांनी एकत्र येऊन दावा लावला. २०१३ साली तडजोड झाली, तीत २००१ ते २००५ या मॉडेल-वर्षांच्या बॉक्स्टर आणि ९११ गाड्या होत्या. २००९च्या नव्या इंजिनांतून तो शाफ्टच काढून टाकला गेला.

बहुतेक गाड्यांचं हे बेअरिंग शाबूत राहतं, हेही मी मामांना सांगितलं. पण ज्याचं जातं त्याला आधी सूचना मिळाली तर ती मिळते फिल्टरच्या कागदात, लोखंडाच्या चकचकीत कणांच्या रूपाने.

मामा : आता तुझं म्हणणं समजलं. पण मला सांग, ते कण डीलरच्या पोराला दिसणार नाहीत आणि तुला दिसतील, हे कशावरनं?

मी : त्याला वेळ नसतो म्हणून. इथे बऱ्याच ठिकाणी मेकॅनिकला कामाच्या ठरलेल्या तासांप्रमाणे पैसे मिळतात. ऑइल बदलायला अमुक इतका वेळ धरलेला. तो त्याहून लवकर उरकेल तर त्याचा फायदा. फिल्टरचा कागद कापून, घड्या उलगडून, उन्हात धरून बघायचे त्याला कुणी पैसे देत नाही. त्याचा दोष नाही, हिशेबच तसा लावलेला आहे.

मामा : हे खरं असंल. पण वेळ असणं आणि नजर असणं या दोन गोष्टी हायत. तू किती फिल्टर उघडून बघितलेस? सगळे या एकाच गाडीचे. माझ्याकडं दिवसाला गाड्या यायच्या. चांगलं इंजिन कसं दिसतं, मरायला टेकलेलं कसं दिसतं, हे शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कळत न्हाई. एकाच पेशंटची नाडी रोज बघून माणूस डॉक्टर होत न्हाई, लेका.

मी : पण त्या पेशंटला बरं नसलं तर घरच्याला आधी कळतं.

मामा : आधी कळतं, आणि घाबरूनही तोच जातो. कोल्हापुरात माझ्याकडं लोक यायचे, फिल्टरमधी काळं काय तरी दिसलं, इंजिन खोला म्हणून. मी परत पाठवायचो. खोलायची गरज नसताना इंजिन खोललं की नव्या दुखण्यांची सोय होते.

इथे मामांच्या बाजूने एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. मागच्या खेपेचा फिल्टर मी कापून पिशवीत ठेवला होता, तो त्यांच्यासमोर आणला. मला त्यात काळपट-तपकिरी चुरा दिसत होता आणि तो कशाचा यावर मी बरंच वाचलं होतं. मामांनी एक कण नखावर घेतला, दाबला, वाकवला. “हे धातूचं न्हवं. प्लास्टिक हाय. साखळीची पट्टी झिजतीय.” मग चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. या इंजिनात साखळ्यांच्या ताणाला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत आणि वयाप्रमाणे त्यांचा चुरा फिल्टरमध्ये उतरतो, हे जाणकारांचंही सांगणं आहे. मामांनी पोर्शेचं इंजिन कधी उघडलेलं नाही. साखळी मात्र पुष्कळ इंजिनांतली पाहिली आहे. चुंबकाला न चिकटणारी, पण वाकवली की चमकणारी चकती दिसली तर ते ॲल्युमिनियम, आणि तेव्हा मात्र गाडी चालवायची नाही, एवढं सांगून त्यांनी फिल्टर परत पिशवीत घातला.

मी : बघा, हा फिल्टर मी ठेवला म्हणून तुम्हाला बघता आला.

मामा : ठेवलास ते बरं केलंस. त्यासाठी नट तूच खोलला पाहिजे असं कुठं हाय? डीलरला सांग, जुना फिल्टर पिशवीत घालून दे. आमच्याकडं बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची पद्धतच होती. न्हाई दिला तर गिऱ्हाईक समजायचं, काम केलंच न्हाई.

मी : मागून बघितलाय. ‘विल्हेवाट लावली’ असं उत्तर आलं. म्हणून तर स्वतः सुरू केलं.

मामा : मग गॅरेज बदल. गॅरेज वाईट निघालं म्हणून तू मिस्त्री व्हायचं, हे कसलं?

(ते गॅरेज कोणतं हे सांगण्यात अर्थ नाही. तसं उत्तर कुठल्याही काउंटरवर मिळू शकतं.)

त्यानंतर मामांनी खरा मुद्दा काढला, आणि तो काढताना त्यांचा आवाज चढला.

मामा : तुझी नजर, तुझी हौस, सगळं बाजूला ठेव. ही गाडी जमिनीपासनं वीतभर. तू तिच्याखाली जाणार. माझ्याकडं खड्डा होता, नंतर दोन खांबांची लिफ्ट आली. जॅकवर उभ्या गाडीखाली मी पोरांना कधी जाऊ दिलं न्हाई. कोण म्हणालं, ‘दोन मिनिटांचं काम हाय’, की त्याला मी आधी घरी पाठवायचो.

मी : जॅकवर मीही कधी जात नाही. अडचण अशी की या गाडीला जॅक लावायची जागा आणि स्टँड ठेवायची जागा एकच. म्हणून जॅकने उचलतानाच त्या जागी बसेल आणि नंतर जॅक काढून घेता येईल, असा जोडस्टँड घेतलाय. चारही कोपरे सारख्या उंचीवर, जमीन सिमेंटची, चाकं काढली असतील तर तीही गाडीखाली आडवी टाकलेली. खाली जाण्याआधी गाडी दोन्ही हातांनी हलवून बघतो.

मामा : हे बरोबर करतोस. पण शेजारचा तुझं बघून करंल, तो असं करणार न्हाई.

या मुद्द्यापुढे मी मान तुकवतो. घरच्या कामाचं कौतुक करणाऱ्या माणसाने आधी स्टँडबद्दल बोलावं आणि मग आनंदाबद्दल, असं माझं ठाम मत झालं आहे. स्टँडला पैसे नसतील किंवा जमीन उताराची असेल, तर गाडी सरळ गॅरेजला न्यावी.

मग प्रत्यक्ष कामाला हात घातला. गाडी फिरवून आणून ऑइल कोमट केलेलं होतं. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याच्या, नटाला आठ मिलिमीटरचा एलन पाना लागतो. नट सुटला आणि धार लागली तेव्हा मामांनी विचारलं, किती बसतं? साधारण साडेआठ लिटर, मी म्हणालो. त्यांना ते पटेना.

मामा : मारुतीला तीन लिटरच्या आत काम व्हायचं. २.७ लिटरच्या इंजिनाला एवढं कशाला?

मी : जोरात वळताना ऑइल एका बाजूला धावतं. पंपाच्या तोंडाशी ते कमी पडू नये म्हणून साठा मोठा आणि आत कप्पे. शिवाय एवढं ऑइल उष्णताही वाहून नेतं.

मामा : आणि नंबर?

मी : ०डब्ल्यू-४०. पण नंबरापेक्षा डब्यावर पोर्शेची ‘ए४०’ ही मान्यता आहे का ते बघतो. त्या यादीत ५डब्ल्यू-४०ही आहेत.

मामा : हे मला आवडलं. आमच्याकडं लोक नंबर विचारायचे आणि नकली डबा घेऊन यायचे. मी सील बघितल्याशिवाय ओतत नव्हतो. आणि बदलतोस कधी? पुस्तकात काय लिहिलंय?

मी : पुस्तकातला मैलांचा आकडा पाच अंकी आहे. या इंजिनांवर काम करणारे स्वतंत्र मेकॅनिक पाच हजार मैल म्हणतात, आणि गाडी कमी चालली तर महिन्यांचा हिशेब धरा म्हणतात. मी त्यांचं ऐकतो. उभ्या गाडीतही ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल साचत जातं.

ऑइल गळत होतं तोवर मामा विजेरी घेऊन गुडघ्यावर बसले आणि जेवढं दिसेल तेवढं खालून बघत राहिले. अॅक्सलच्या रबरी बुटाला बारीक भेग पडलेली त्यांना दिसली. मला ती दिसली नव्हती. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर थोडा ओलावा होता. या इंजिनांत तिथलं क्रँकचं सील पाझरतं हे प्रसिद्धच आहे.

मामा : लिफ्टवर गाडी असती तर हे सगळं उभ्या उभ्या दिसलं असतं. तुला पाठीवर पडून दोन फूट दिसतात. म्हणून म्हणतो.

मी : डीलरकडे लिफ्ट आहे, पण ऑइल अर्धा तास गळू द्यायला आणि तोवर विजेरी मारत बसायला तिथे कोण आहे? तुम्ही होतात म्हणून भेग दिसली. लिफ्टमुळे नाही.

मामांनी यावर काही उत्तर दिलं नाही, आणि मला वाटतं आमच्या वादाचं मूळ तिथेच होतं. ते ज्या मिस्त्रीच्या बाजूने भांडत होते तो त्यांच्यासारखा होता. मी ज्याच्याविरुद्ध भांडत होतो तो घड्याळाला बांधलेला होता. दोघांना एकच नाव देऊन आम्ही बोलत होतो.

नट परत बसवताना मात्र पुन्हा जुंपली. मी नवा ॲल्युमिनियमचा वायसर घातला आणि टॉर्क रेंच ५० न्यूटन-मीटरवर लावला. फिल्टरच्या टोपणाला २५.

मामा : हाताला कळतं की.

मी : तुमच्या हाताला कळतं. माझ्या हाताला कळण्याएवढे नट मी आवळलेले नाहीत. हे तुम्हीच आत्ता म्हणालात.

मामा : (थोडं थांबून) बरोबर हाय. चेंबर ॲल्युमिनियमचं. आटे गेले तर नवं चेंबर. म्हणूनच आमच्याकडं असली गाडी आली की मी हात लावत नव्हतो. काम अवघड म्हणून न्हवं. आटा गेला तर तो पार्ट जर्मनीतनं कधी येणार, तोवर गिऱ्हाइकाची गाडी माझ्या दारात, आणि पैसे कुणी भरायचे? काम येणं वेगळं आणि कामाची जोखीम अंगावर घेणं वेगळं. तुझ्या दारात तुझी गाडी, जोखीम तुझी. त्या हिशेबानं तू मोकळा हायस.

एवढ्यावर त्यांचा विरोध सैल झाला असं वाटलं, पण लगेच त्यांनी वॉरंटीचं काढलं. नवी गाडी असती तर कंपनीने हात झटकले असते ना? अमेरिकेत १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. ऑइल बाहेर किंवा घरी बदललं, एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. ऑइल योग्य दर्जाचं आणि वेळेवर घातल्याच्या पावत्या मात्र ठेवाव्या लागतात. माझी गाडी त्या वयाच्या कधीच पलीकडे गेली, तरी प्रत्येक डब्याची पावती मी मैलांचा आकडा लिहून ठेवतो. पुढच्या मालकाला ती लागेल.

ओतताना मी पहिल्यांदा आठ लिटरच्या आतच थांबलो. नंतर इंजिन चालवून, थांबून, पट्टी बघून थोडं थोडं. या इंजिनात ऑइल जास्त झालं तर ते हवा आणि ऑइल वेगळं करणाऱ्या भागातून थेट हवेच्या नळीत ओढलं जातं आणि मागून पांढरा धूर निघतो. कमी ऑइलचं भय सगळ्यांना असतं, जास्तीचं कुणाला नसतं, असं मामा म्हणाले, आणि ते सगळ्याच इंजिनांबाबत खरं आहे.

मामा : आता या काळ्या ऑइलचं काय?

मी : याच डब्यांत भरून पार्टच्या दुकानात द्यायचं. तिथे फुकट घेतात.

मामा : आमच्याकडं जळकं ऑइल शटरिंगवाले न्यायचे. फळ्यांना लावायला. लाकडाला वाळवी लागू नये म्हणूनही लोक मागायचे. उरलेलं कुठं जायचं, विचारू नकोस.

मी : इथल्या पर्यावरण खात्याचं म्हणणं आहे की एका वेळच्या जुन्या ऑइलने दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब होऊ शकतं. भारतातही आता जुनं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४पासून ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करून शुद्धीकरणाला पाठवायची जबाबदारी आलीय.

मामा : कायदा आला ते चांगलं झालं. पण बघ, इथं गॅरेजवाल्याचं पारडं जड हाय. त्याच्याकडं पिंप असतं, न्यायला गाडी येते. घरी ऑइल बदलणाऱ्या शंभर जणांतला एक जण ते गटारात ओतणार.

मी : तो एक जण मी नाही.

मामा : तू न्हाईस, म्हणून तर बोलतोय.

रात्री जेवताना आज काढलेला फिल्टर कापून बघायचा विषय निघाला नाही. निघाला तो मागच्या खेपेच्या फिल्टरचाच. चुंबकाला काही चिकटलं नाही, याचा अर्थ बेअरिंग चांगलं आहे असा मी धरला होता. मामांनी तो मान्य केला नाही.

मामा : फिल्टर साफ हाय याचा अर्थ आजपातूर साफ हाय. क्लच कधी बदललाय?

मी : आधीच्या मालकाच्या कागदांत नोंद नाही.

मामा : तूच म्हणालास की ते बेअरिंग फ्लायव्हीलच्या मागं हाय. आणि सांध्यावर ओल हाय ती मी बघितली. म्हंजे गिअरबॉक्स खाली उतरवला की सील, क्लच आणि बेअरिंग तिन्ही कामं एका मजुरीत. ते ड्राइव्हवेमधी करणार हायस?

मी : नाही. गिअरबॉक्सला मी हात लावणार नाही. ते बेअरिंग ओढून काढायची हत्यारं आणि साखळ्यांचं टायमिंग जागच्या जागी धरून ठेवायची हत्यारं ज्याच्याकडे आहेत, त्याच्याकडेच जाणार.

मामा : मग असा माणूस शोध जो फक्त याच गाड्या करतो. त्याला आधी विचार, बेअरिंग बदलायच्या आधी तो चेंबर काढून आणि फिल्टर कापून बघतो का. आत लोखंडाचा चुरा असला आणि तो तसाच ठेवून नवं बेअरिंग बसवलं, तर तो चुरा नव्यालाही खाणार. ‘बघायची गरज न्हाई’ म्हणाला की तिथनं उठायचं.

मी : आणि जुनं बेअरिंग?

मामा : मागून घ्यायचं. सील काढून गोळ्या मोकळ्या करायच्या आणि मला व्हिडिओवर दाखवायच्या. मी तोवर कोल्हापुरात असंन.